शपथ घेतली, आता हा इतिहास माझाही

अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यावर मी आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांची नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी तयारी करून घेऊ लागले. प्रश्नांची यादी सरकारच छापून देतं आणि उत्तरं पाठ होतात. पण कुणी ना कुणी काकू वही मिटून विचारतातच, "हे वॉशिंग्टन, जेफरसन आपले कोण गं? आपला इतिहास शिवनेरी-रायगडाचा." प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं म्हणून मी वाचत गेले, जुनी गावं आणि घरं बघत गेले. त्यातून जे हाती लागलं, ते इथे मांडते.

१. सुरुवात कुठून धरता, यावर पुढची गोष्ट ठरते

अमेरिकेची सुरुवात म्हणून शाळेतली मुलं १६२० सांगतात: त्या वर्षी मेफ्लॉवर जहाजातून इंग्रज 'यात्रेकरू' प्लिमथला उतरले. व्हर्जिनियाची माणसं १६०७ म्हणतात, कारण जेम्सटाउनची वसाहत त्या वर्षीची. त्याच व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर १६१९ मध्ये, मेफ्लॉवरच्या एक वर्ष आधी, पकडून आणलेले वीस-बावीस आफ्रिकी उतरवले गेले. म्हणजे काळ्या अमेरिकनांची मुळं इथे 'यात्रेकरूं'पेक्षाही जुनी आहेत.

आणि या सगळ्यांच्या आधीपासून इथे राहणारे लोक होतेच. प्लिमथच्या जागी वाम्पानोआग लोकांचं पटक्सेट नावाचं गाव होतं. तिथल्या टिस्क्वांटमला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवलं आणि स्पेनमध्ये विकायला नेलं. तो इंग्लंडमार्गे १६१९ मध्ये परतला, तर साथीच्या रोगाने अख्खं गाव संपलेलं. पुढच्याच वर्षी त्या ओस पडलेल्या जमिनीवर मेफ्लॉवरची माणसं राहायला आली. १०२ प्रवाशांपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. उरलेल्यांना मका लावायला शिकवला तो याच टिस्क्वांटमने. युरोपीय येण्याआधी इथे कोण राहत होतं, हा प्रश्न मुलाखतीच्या यादीत आहे. मी तो सगळ्यात आधी शिकवते आणि सोबत सांगते, की आपण न्यू जर्सीत राहतो ती भूमी लेनापे लोकांची.

२. धर्मस्वातंत्र्य आधी शेजाऱ्यांनी मागितलं, कायदा मागून आला

न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंगच्या गणपतीला आपण सगळेच जातो. ते देऊळ बाऊन स्ट्रीटवर आहे. त्याच रस्त्यावर पुढे जॉन बाऊनचं लाकडी घर आजही उभं आहे, साधारण १६६१ सालचं. दर्शनाला गेलात तर तेही बघून या.

तेव्हा इथे डचांचं राज्य होतं. गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंटने क्वेकर पंथीयांना थारा देण्यावर बंदी घातली होती. २७ डिसेंबर १६५७ रोजी फ्लशिंगच्या तीसेक रहिवाशांनी त्याला लेखी निषेध पाठवला: आमच्या दारी येणाऱ्याला आम्ही धर्मावरून हाकलणार नाही. सह्या करणारे स्वतः क्वेकर नव्हते. आपल्यावर वेळ आली नसताना त्यांनी दुसऱ्यासाठी सही केली आणि त्यातल्या काहींना त्यापायी अटक झाली. पुढे १६६२ मध्ये बाऊनने स्वतःच्या घरात क्वेकरांची प्रार्थना होऊ दिली. त्याला पकडलं, दंड केला. तो दंड भरेना, तेव्हा त्याला हद्दपार केलं. त्याने ॲम्स्टरडॅम गाठून डच वेस्ट इंडिया कंपनीपुढे आपली बाजू मांडली, आणि १६६३ मध्ये कंपनीने स्टायव्हेसंटला कळवलं, की लोकांच्या श्रद्धेला हात लावू नका.

अमेरिकेच्या राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्य आलं ते १७९१ मध्ये. त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधी एका छोट्या गावाने ते मागितलं होतं. आज मशिदीला किंवा गुरुद्वाऱ्याला परवानगी नको म्हणून एखाद्या गावात ओरड सुरू होते, तेव्हा आपण कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे मी बाऊन स्ट्रीटवर शिकले.

३. एका देशाचं स्वातंत्र्य आपोआप सगळ्यांचं होत नाही

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात इंग्रजांवर चिडलेल्या वसाहतवाल्यांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या. माल होता ईस्ट इंडिया कंपनीचा, जिच्या राजवटीत १७७० च्या दुष्काळात बंगाल उपाशी मेला होता. कर्जात बुडालेल्या त्या कंपनीला सावरण्यासाठीच पार्लमेंटने चहाचा कायदा केला होता. अमेरिकन वसाहती इंग्रजांशी लढत होत्या, त्याच वर्षांत मराठेही लढत होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेने मराठ्यांपुढे हात टेकले.

१९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैन्याने अमेरिकनांपुढे शरणागती पत्करली. तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि त्याने वरच्या सरकारी पदांची दारं हिंदी माणसांना बंद केली. हे सांगितलं की वर्गातले आजोबा खुर्चीत पुढे सरकून ऐकतात. तो काळ त्यांना एकदम ओळखीचा वाटू लागतो.

४. वचन लिहिणाऱ्यांनी मोडलं, वगळलेल्यांनी ते पाळायला लावलं

सगळी माणसं समान जन्माला येतात, असं १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. हे वाचून माझा या देशाच्या मोठमोठ्या शब्दांवरचा विश्वासच उडायच्या बेतात होता. तो टिकला मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्डच्या एका घरामुळे.

घर कर्नल जॉन ॲशलीचं. वरच्या मजल्यावर त्याची अभ्यासिका आहे. १७७३ मध्ये गावातली प्रतिष्ठित मंडळी तिथे जमली आणि त्यांनी इंग्लंडच्या जुलमाविरुद्ध ठराव लिहिला: माणसं निसर्गतः समान आणि स्वतंत्र आहेत. त्याच घरात बेट नावाची एक गुलाम बाई राबत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कान उघडे होते. मालकिणीने तापलेलं फावडं उगारलं, तेव्हा दुसऱ्या मुलीला वाचवताना तो घाव बेटने हातावर झेलला. १७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सची नवी राज्यघटना आली. तिच्यातही सगळे जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचं म्हटलं होतं. बेट उठली आणि थिओडोर सेजविक नावाच्या वकिलाकडे गेली. 'सगळे' म्हटलंय, तर त्यात मीही आलेच, असा तिचा साधा दावा होता. योग असा, की ॲशलीच्या माडीवरच्या त्या ठरावात या सेजविकचाच मोठा हात होता. आता त्याला स्वतःच्या शब्दांना जागणं भाग होतं.

ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला. तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं. ॲशलीने परत पगारी नोकरीवर बोलावलं, तरी ती गेली नाही. दोन वर्षांत त्या राज्यात गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नाही. माडीवरचे शब्द लिहिणाऱ्यांचेच राहिले असते. ते देशाचे झाले, कारण खाली काम करणाऱ्या बाईने त्यांच्यावर हक्क सांगितला. 'अमेरिकन कोण?' या प्रश्नाला मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे एलिझाबेथ फ्रीमन.

५. दुसऱ्याच्या इतिहासात आपलं घर दिसलं पाहिजे

हे आपल्याकडे फार आधी ओळखलं जोतीराव फुल्यांनी. १७७४ मध्ये फिलाडेल्फियात उतरलेल्या आणि अमेरिकन क्रांतीची भाषा घडवणाऱ्या थॉमस पेनचं लिखाण त्यांनी तरुणपणीच वाचलं होतं. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापताना त्यांनी ते पुस्तक अर्पण केलं अमेरिकेच्या जनतेला, गुलामांची मुक्तता केल्याबद्दल. पुण्यात बसून त्यांनी इतक्या दूरच्या लढ्याचं कौतुक केलं आणि त्याच्या उजेडात आपल्या समाजातली जात दाखवली.

आपण उलटं करतो. इथल्या वर्णभेदावर तावातावाने बोलतो आणि मुलांची लग्नं जुळवताना "आपल्यातलंच स्थळ" शोधतो. समुद्र ओलांडून जात सोबत आणली असेल, तर इथल्या स्वातंत्र्याबद्दल अभिमानाने बोलायचा हक्क अर्धाच राहतो.

६. आपल्यासाठी दार कुणी उघडलं, ते विसरू नये

१७९० च्या पहिल्या नागरिकत्व कायद्याने परक्यांपैकी फक्त स्वतंत्र गोऱ्यांना नागरिक होता येत असे. भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, म्हणून गोऱ्यांतच मोडतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये तो फेटाळला आणि आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं.

यातून मी एक गोष्ट पक्की धरली. रेषेच्या आतल्या बाजूला मला घ्या, अशी विनंती टिकत नाही. रेषाच पुसावी लागते. ती पुसण्याचं काम मुख्यतः काळ्या अमेरिकनांनी केलं. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं, पण वर्षाला जेमतेम शंभर जणांचा कोटा होता. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी देशांनुसार ठरवलेले ते जुने कोटे गेले. आपले काका-मामा इंजिनिअर, डॉक्टर होऊन इथे आले ते त्यानंतर. त्यांची हुशारी आणि कष्ट खरेच, पण त्यांच्या आधी रस्त्यावर उतरून मार खाणाऱ्यांचं ऋणही तितकंच खरं.

७. शपथेनंतरचं काम टाळू नये

ज्युरीचं बोलावणं आलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "सुटका कशी करून घ्यायची?" मला विचारणाऱ्यांना मी पीटर झेंगरची गोष्ट सांगते. जर्मन प्रदेशातून पोरवयात आलेला हा निर्वासित न्यूयॉर्कमध्ये छापखाना चालवायचा. गव्हर्नरवर टीका करणारं वृत्तपत्र छापलं म्हणून त्याला कित्येक महिने तुरुंगात ठेवलं. १७३५ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा मजकूर झेंगरने छापला की नाही, एवढंच ठरवा, असं न्यायाधीशांनी ज्युरीला बजावलं. छापल्याचं तर त्याच्या वकिलाने कबूलच केलं होतं. तरी बारा सामान्य माणसांनी त्याला निर्दोष सोडलं, कारण छापलेलं खरं होतं.

मी स्वतः ज्युरीत बसले, तेव्हा शेजारी ट्रकचालक होता, निवृत्त शिक्षिका होती, नुकताच मतदार झालेला मुलगा होता. एका अनोळखी माणसाचं पुढचं आयुष्य आमच्या हाती होतं आणि आमच्यापैकी कुणाचे पूर्वज कुठून आले, हे कुणीही विचारलं नाही. वॉशिंग्टन, जेफरसन आपले कोण, या काकूंच्या प्रश्नाला माझं उत्तर तिथे तयार झालं. रक्ताने ते आपले कुणी नाहीत. पण त्यांच्या पिढीने लिहिलेल्या वचनाची शपथ आपण हात वर करून घेतली आहे, तेव्हा त्यांचं मोठेपण आणि त्यांचं देणं दोन्ही आपल्याकडे आलं. म्हणून बोलावणं आलं की जा. शाळा मंडळाच्या निवडणुकीतही मत द्या. आणि शेजाऱ्यावर अन्याय होत असेल, तर निषेधाच्या कागदावर आपलीही सही असू द्या.