टायर घेताना आधी पांदण आठव

बोलेरो कॅम्पर घेतलीस, यंदापासून संत्र्याच्या बागेचा तोडा स्वतः पाहणार म्हणालीस, फार बरं वाटलं गं. पण तू पाठवलेला टायरचा फोटो पाहिला आणि राहवलं नाही. केवढाले ते ठोकळे, त्यांच्यातल्या त्या रुंद फटी, वर पांढरी अक्षरं! दिसतो झकास, मान्य. पण तुझं जाणंयेणं कुठे, तर नागपूर ते काटोल. साठेक किलोमीटर डांबर आणि शेवटी बागेपर्यंतची पांदण. फोटोतला तो टायर एमटी आहे, निव्वळ चिखलासाठीचा. डांबरावर तो घों घों करत राहतो, डिझेल जास्त पितो, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी लवकर थांबत नाही, आणि आपल्या तापलेल्या रस्त्यांवर बघता बघता गोटा होतो. तुला एटी हवा, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारा.

कुणीतरी तुला पेंच-ताडोब्याच्या जिप्सींचं उदाहरण देईलच. त्यांचं गणित वेगळं आहे, बाई. जंगलाचा गाभा जुलै ते सप्टेंबर पर्यटकांना बंद असतो, त्यामुळे ऐन चिखलात तिथे सफारीच्या गाड्या जातच नाहीत. त्यांना भीती दगडांची आणि बांबूच्या तिरप्या खुंटांची. तुझी पांदण तुला पावसाळ्यात सुट्टी देणार नाही.

आता महत्त्वाचं सांगते. दुकानदार आधी कंपनीचं नाव सांगेल. तू आधी आकडा विचार. टायरच्या बाजूवर माप असतं, समजा 215/75 आर 15, आणि त्याच्या पुढे आणखी एक आकडा आणि इंग्रजी अक्षर. तो आकडा म्हणजे एकटा टायर किती भार पेलतो त्याची खूण. 100 असेल तर 800 किलो, 104 असेल तर 900, 109 असेल तर 1030. तेही हवा पुरेपूर असताना, बरं का. गाडी भरली की बराचसा भार मागच्या दोन चाकांवर येतो. वीस-वीस किलोचे चाळीस क्रेट म्हणजेच 800 किलो झाले. वर तोडणारी माणसं, त्यांचे डबे, पाण्याचे कॅन. म्हणून गाडीसोबत आलेल्या टायरवर जो आकडा असेल, त्याच्याखाली जायचं नाही, कितीही सूट देवो. मापाआधी 'एलटी' छापलेला टायर मालवाहू गाड्यांसाठी, अंगाने जाड असतो. घ्यायला हरकत नाही. फक्त तेवढाच भार पेलायला त्याला हवा जास्त लागते, हे तुझ्या ड्रायव्हरला आधीच सांगून ठेव. नाहीतर तो जुन्या सवयीने भरेल आणि महागाचा टायर वाया घालवेल.

मग नक्षी बघ, आणि ती आपल्या काळ्या मातीच्या नजरेने बघ. आंबिया बहराचा तोडा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. परतीचा पाऊस नुकता झालेला, वरून जमीन सुकलेली आणि आत लोण्यासारखी. भरलेली गाडी फसते ती तेव्हाच. मृगाची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, तेव्हा तीच पांदण दगडासारखी टणक आणि भेगाळलेली. आपली माती पाणी प्यायली की फुगते आणि टायरच्या खाचांत अशी बसते की दोन फेऱ्यांत नक्षी गायब, नुसतं गुळगुळीत चाक उरतं. म्हणून खांद्याकडे, म्हणजे टायरच्या दोन्ही कडांना, ठोकळ्यांमधल्या वाटा बाहेरच्या बाजूने मोकळ्या उघडणाऱ्या हव्यात. चाक फिरलं की चिखल तिथून फेकला जातो. मधला पट्टा मात्र भरीव असू दे, डांबरावर तोच चालतो. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे दिसले तर अजून चांगलं. त्यांनी गिट्टी अडकून रुतत नाही.

एक गोष्ट शहरातला विक्रेता सांगणार नाही. कापूस आणि तूर निघाल्यावर वावरात उभी राहतात ती धसकटं! विळ्याने तिरपी कापलेली पऱ्हाटी वाळली की भाल्यासारखी होते. बाभळीचा काटा तळव्यात शिरला तर पंक्चर निघतं, पण धसकट बाजूच्या भिंतीत घुसलं तर तो टायर भंगारात गेला. तेव्हा भिंत किती थरांची आहे ते विचार. आणि शेजारच्या वावरातून शॉर्टकट मारायचा नाही, मग टायर कितीही भारी असो.

आता उन्हाचं. 23 मे 2013 ला नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता, आठवतं ना? अशा दिवसांत कमी हवेचा, भरलेला टायर चालता चालता आतून भाजतो. हवा नेहमी सकाळी, गाडी हलायच्या आधी बघ. दुपारी रस्त्यावर आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नकोस. आणि मेमधल्या दुपारी नेमकी भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे पाच-सहा पॉइंटने कमी दाखवेल, तेव्हा थंडी पडली की पुन्हा तपास. पांदणीत फसू नये म्हणून हवा उतरवायची युक्ती आहे, चांगली आहे, पण गाडी रिकामी असेल तेव्हाच, आणि डांबरावर चढण्याआधी परत भरायची. बारा व्होल्टचा छोटा पंप सीटखाली ठेव.

भाऊजी म्हणतील, जरा मोठं माप टाकू, रुबाब येतो. 215 च्या जागी 235/75 टाकलास तर चाक तीन सेंटिमीटरने उंच होतं. काटा 80 दाखवेल तेव्हा तू 83 च्या वर असशील. चढावर भरलेली गाडी ओढताना इंजिनला जड जाईल ते वेगळंच. मूळ मापच ठेव. पैसे कमी असतील आणि दोनच नवे घेतलेस, तर ते मागे टाक. गाडी फोर बाय फोर असेल तर मात्र चारही एकसारखे, अर्धे-अर्धे नाहीत.

आणि दुकानात एकटी जा गं. नवरा किंवा ड्रायव्हर सोबत असला की दुकानदार त्यांच्याशीच बोलतो, तुझ्याकडे फक्त बिल येतं. तिथे पहिला प्रश्न तारखेचा टाक: बाजूवरचे शेवटचे चार अंक, 3824 म्हणजे 2024 चा अडतिसावा आठवडा. वर्षा-दीड वर्षापेक्षा जुना माल दाखवला तर दुसरा मागव. असं बारकाईने विचारलं की त्याचा सूर आपोआप बदलतो, 'मॅडम, चहा घ्या' सुरू होतं. चहा घे, भाव मात्र फिटिंग, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह धरून ठरव. प्रत्येक टायरचा नंबर बिलावर लिहून घे, वॉरंटीला तोच लागतो. रिमोल्ड स्वस्तात देतो म्हणाला तर पुढच्या चाकांसाठी सरळ नाही म्हण.

जुने टायर तिथेच फुकट सोडून येऊ नकोस. त्यातला बरा एक जादा स्टेपनी म्हणून बागेतल्या खोलीत ठेव. बाकीच्यांचे पैसे बिलातून कापून घे, बंडीवाले ते विकत नेतात, दुकानदाराला ते चांगलं ठाऊक असतं.