ओझोन, कार्बन डायऑक्साइड आणि वृक्षांचे अन्न

वृक्ष पर्णरंध्रांवाटे हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यापासून शर्करा बनवितात. हा वायू वाढल्यास वृक्षही अधिक वाढतील, असे सहज वाटते. परंतु त्याच रंध्रांतून ओझोनही आत शिरतो. वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तो जमिनीलगत निर्माण होतो. पेशींच्या पटलांना तो इजा करतो. कार्बन बांधणारे रुबिस्को हे विकर घटते व पान अकाली गळते.

या दोन विरोधी परिणामांचे पारडे कोणीकडे झुकते? अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऱ्हाइनलँडरजवळ १९९८ पासून सुमारे दशकभर याचा प्रयोग झाला. उघड्या रानात ३० मीटर व्यासाची १२ वर्तुळे आखून अ‍ॅस्पेन, भूर्ज व मॅपल लावण्यात आले. काही वर्तुळांत कार्बन डायऑक्साइड दशलक्षांत ५६० भागांपर्यंत वाढविला, काहींत ओझोन सभोवतालच्या सुमारे दीडपट केला, काहींत दोन्ही वाढविले. उरलेली तुलनेसाठी तशीच ठेवली.

आरंभीच्या वर्षांत कार्बन डायऑक्साइडने अ‍ॅस्पेनची वाढ झाली, ओझोनने ती खुंटली. दोन्ही एकत्र असता लाभ बहुतांशी नाहीसा झाला. सारांश, अरण्ये किती कार्बन शोषतील हे ठरविताना ओझोनचा हिशेब वगळून चालणार नाही.