पाच ब्रश आणि हळदीचा पिवळा

लेकरा, पेन टॅबलेट आला, क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उतरवून झालं, आणि आता फुकटातले ब्रश गोळा करायचा सपाटा लावलायस म्हणे. हौस आहे, कर. पण एवढं कानात घालून ठेव.

१. सुरुवातीला पाचच ब्रश वापर: कच्च्या रेघेचा, कडक कडेचा, मऊ, रंग मिसळणारा आणि खरबरीत – ब्रश शंभर, पण मनगट एकच.

२. त्या पाचांना एक टॅग देऊन पॉप-अप पॅलेटवर तोच लाव – उजवं बटण दाबलं की पाचही समोर, शोधण्यात मनातलं चित्र निसटत नाही.

३. ब्रशची सेटिंग बदलून आवडली, तर मूळ ब्रश तसाच ठेवून नव्या नावाने सेव्ह कर. नाव कामाचं असावं – 'औंढ्याचा दगड' म्हटलं की वर्षानेही कळतं, 'नवा फायनल २' दुसऱ्या दिवशीच परका होतो.

४. ब्रशांचं बंडल करून पेन ड्राइव्हवर टाक – कॉम्प्युटर फॉरमॅट करणारा चित्रं वाचवतो, ब्रशांचं त्याला कोण सांगणार?

५. खोडायचं झालं तर ब्रश तोच ठेवून 'ई' दाब – त्याच पोताने खोडलं जातं, कड वेगळी पडत नाही.

६. आता रंग. इथे मी जरा लांबण लावणार. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा पिवळा अजून नीट बघितलायस का? हळद शिजवून वाळत घालतात तेव्हा शेतावर जा. वरून हळकुंड मातकट दिसतं, मोडलं की आत गडद केशरी, आणि दळल्यावर कुठे तो आपल्या ओळखीचा पिवळा येतो. म्हणून पिवळ्याच्या सावलीत काळा मिसळू नकोस, कलर व्हीलवर केशरीकडे सरक आणि मग उजेड उतरव – काळ्याने पिवळा हिरवट, शेवाळलेला होतो. नाव विचारून रंग भरू नये, ऊन विचारून भरावा.

७. औंढा नागनाथाच्या देवळालाही सरसकट काळा लावू नकोस – उन्हात तो दगड तपकिरी-राखाडी दिसतो, सावलीत आभाळाची निळसर झाक घेतो. आणि तोच राखाडी भगव्या पताकेशेजारी ठेवलास तर आणखी निळा भासेल, तेव्हा रंग एकटा पारखू नये.

८. फोटोतून रंग उचलण्याआधी डोळ्याने अंदाज कर, मग ताडून बघ – मोबाइल रंग भडक करून दाखवतो.

९. सगळ्यात वर काळ्याने भरलेला लेअर ठेवून त्याचा मोड 'कलर' कर – चित्र राखाडी होतं आणि उजेड-अंधार कुठे चुकला ते लगेच कळतं. बघून झालं की लेअर बंद करायला विसरू नकोस.

१०. हिंगोलीच्या दसऱ्यासाठी फ्लेक्स करशील, तर छपाईवाल्याकडून आधी वीतभर तुकडा काढून घे – पडद्यावरचा झगझगीत हिरवा-निळा शाईत तसा उतरत नाही. आणि जायचं ते नवरात्र बसायच्या आधी, नंतर दुकानात उभं राहायला जागा नसते.