आधी पत्ता विचार

भाच्या, काल फोनवर तू म्हणालास, ‘आत्या, माझ्याकडे चालतंय, त्यांच्याकडेच चालत नाही.’ हे वाक्य मी सर्व्हर सांभाळताना इतक्यांदा ऐकलंय की आता हसूच येतं. निम्म्या वेळा तर ते म्हणणारी मीच होते.

तुझी स्क्रिप्ट उघडून पाहिली. तिसऱ्याच ओळीत एफएफएमपेग या प्रोग्रामचा अख्खा पत्ता: स्लॅश ऑप्ट, स्लॅश होमब्रू, स्लॅश बिन. हा पत्ता ॲपलची चिप असलेल्या तुझ्या मॅकवरचा. इंटेलच्या मॅकवर होमब्रू तेच सामान यूएसआर-लोकल-बिनमध्ये ठेवतं, उबंटूवर ते यूएसआर-बिनमध्ये सापडतं, आणि विंडोजवर ज्याने झिप जिथे उघडली तिथे. तेव्हा स्क्रिप्टमध्ये नाव लिही, पत्ता मशीनला विचार.

मशीन तो शोधतं पाथमध्ये. पाथ म्हणजे फोल्डरांची रांग. डावीकडून बघत जायचं, पहिला सापडला की थांबायचं. एका गल्लीत तीन जोशी असले तर ज्याचं दार आधी लागेल तोच जोशी. लिनक्स-मॅकवर दोन फोल्डरांच्या मध्ये कोलन असतो. विंडोजवर कोलन ‘सी’ ड्राइव्हच्या नावातच अडकलाय, म्हणून तिथे अर्धविराम. त्यामुळे रांगेचे तुकडे स्वतः पाडत बसू नकोस.

पायथनमध्ये तर गरजच नाही. शटिल मॉड्यूलमध्ये 3.3 आवृत्तीपासून, म्हणजे 2012 पासून, ‘व्हिच’ नावाचं फंक्शन आहे. नाव दे, पूर्ण पत्ता घे; नसेल तर ‘नन’ मिळतं. विंडोजचा आणखी एक वळसाही ते सांभाळतं. तिथे फाइलला ईएक्सई, बॅट, सीएमडी अशी शेपटं असतात आणि कुठली शेपटं लावून बघायची त्याची यादी पाथएक्स्ट या वेगळ्या व्हेरिएबलमध्ये असते. एनपीएम घे. विंडोजवर ती ‘एनपीएम डॉट सीएमडी’ आहे. पायथनच्या सबप्रोसेसला नुसतं ‘एनपीएम’ दिलंस तर तो फक्त ईएक्सई शोधतो आणि फाइल सापडली नाही म्हणून हात वर करतो. तू टर्मिनलमध्ये टाइप करून बघतोस, तर चालते! मग डोकं फिरतं. आधी शटिलकडून पत्ता घे, तोच सबप्रोसेसच्या हातात ठेव.

शेल स्क्रिप्ट असेल तर ‘व्हिच’ कमांडच्या भरवशावर राहू नकोस, ‘कमांड’ लिहून पुढे ‘डॅश व्ही’ लाव. ती पॉझिक्सच्या नियमात बसते, ‘व्हिच’ बसत नाही. 2021 मध्ये डेबियनच्या ‘व्हिच’ने चालवल्यावर ‘मी आता बाद’ असा इशारा छापायला सुरुवात केली, त्यावर एवढी वादावादी झाली की प्रकरण त्यांच्या तांत्रिक समितीपुढे गेलं. विंडोजवर ‘व्हेअर’ आहे, पण पॉवरशेलमध्ये ते नाव भलत्याच गाळणीच्या कमांडला दिलेलं. ‘व्हेअर गिट’ लिही, काहीच छापून येत नाही, आणि आपण समजतो गिट नाहीच. तिथे ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ असं पूर्ण लिहायचं.

आता माझी फजिती ऐक. स्कॅन केलेले फोटो लहान करायची स्क्रिप्ट लिहिली होती, इमेजमॅजिकची ‘कन्व्हर्ट’ वापरून. लिनक्सवर चोख. विंडोजवर लावली, तर प्रत्येक फोटोला एकच उत्तर: इनव्हॅलिड ड्राइव्ह स्पेसिफिकेशन. अख्खी दुपार मी फोटो तपासले, डिस्क तपासली, नावांतल्या मोकळ्या जागा काढल्या. संध्याकाळी कळलं की विंडोजच्या सिस्टिम-32 मध्ये स्वतःची एक ‘कन्व्हर्ट’ असते आणि तिचं काम फॅट पद्धतीची डिस्क एनटीएफएस करणं. ती रांगेत पुढे होती. मी तिला फोटो देत होते, ती ड्राइव्ह शोधत होती. (इमेजमॅजिकने सातव्या आवृत्तीत ‘मॅजिक’ हे नाव पुढे आणलं, माझ्या उपयोगाला उशिराच.) ‘फाइंड’चंही तसंच, विंडोजची फाइंड फाइली शोधत नाही, फाइलमधला मजकूर शोधते.

म्हणून सापडला एवढ्यावर खूश होऊ नकोस. सापडलेल्याला ‘व्हर्जन’ विचारून बघ आणि उत्तर ओळखीचं आहे का ते वाच. नव्या विंडोजवर पायथन न टाकताही ‘पायथन’ नाव पाथमध्ये सापडतं. ती शून्य बाइटची फाइल असते, मायक्रोसॉफ्ट स्टोअरची वाट दाखवणारी. आवृत्ती विचारली की पितळ उघडं पडतं.

आणि विचारताना स्क्रिप्ट जिथे चालणार तिथेच उभं राहून विचार. तुझ्या टर्मिनलचा पाथ तुझ्या प्रोफाइल फाइलींनी फुगवलेला असतो. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनला तो मिळत नाही. बहुतेक ठिकाणी त्याच्या वाट्याला यूएसआर-बिन आणि बिन एवढंच येतं. मॅकवर आयकॉन दाबून उघडलेल्या ॲपचीही तीच गत. क्रॉनमध्ये एका मिनिटाचं काम लाव, पाथ एका फाइलमध्ये छापून घे आणि वाच. मी ही युक्ती शिकले तेव्हा रात्रीचा बॅकअप चार दिवस झालेला नव्हता आणि कुणाला पत्ताही नव्हता.

सापडला नाही तर गप्प बसून पुढे जाऊ नकोस. कुठलं नाव शोधलं आणि पाथ काय होता, दोन्ही छाप. शेलचा एक्झिट कोड 127 म्हणजे सापडलाच नाही. 126 म्हणजे सापडला, पण चालवता येईना, तेव्हा परवानगी बघ. आणि कुणाला आपलाच एफएफएमपेग वापरायचा असेल तर त्यासाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेव. तो भरलेला असेल तर तोच पत्ता घ्यायचा, शोध नंतर.

तर ती तिसरी ओळ आजच काढ. आणि ज्यांच्याकडे स्क्रिप्ट चालत नाही त्यांना त्यांच्या विंडोजवर ‘व्हेअर डॉट ईएक्सई एफएफएमपेग’ चालवायला सांग. पडद्यावर जे येईल त्याचा फोटो मला पाठव. फोटोच हं, फोनवर वाचून दाखवलेलं नको. मागच्या वेळी त्यांनी बॅकस्लॅशला ‘तिरकी रेघ’ म्हणून अर्धा तास खाल्ला होता.