“एवढंच ना?” म्हणण्याआधी

कॉलेजातली लेक दोन दिवस धड जेवत नाही. खोदून खोदून विचारल्यावर कळतं, तिचा मित्र जुन्या मैत्रिणीशी पुन्हा बोलू लागलाय आणि ते चॅट रोज डिलीट करत होता. आपल्या तोंडून निघून जातं, “एवढंच ना? भेटला तर नाही ना तिला?” झालं, बोलणं तिथेच संपतं.

फसवणूक म्हणजे लग्नाबाहेरचा शरीरसंबंध, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. कायदाही त्याच घडणीचा होता. १८६०च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४९७ दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शिक्षा द्यायचं. मात्र तिच्या नवऱ्याची संमती असली, तर गुन्हाच नाही! आणि स्वतःचा नवरा बाहेर गुंतला, तर बायकोला त्या कलमाखाली तक्रारही करता येत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८मध्ये रद्द केलं. (घटस्फोटासाठी व्यभिचार हे कारण आजही चालतं, हे जाता जाता.)

मुलं मात्र फसवणूक वेगळ्या मापाने मोजतात. त्यांना आधी खुपते ती लपवाछपवी. मैत्रिणीचा नंबर मित्राच्या नावाने सेव्ह करणं, स्टोरी नेमकी एकाच व्यक्तीपासून लपवणं, डेटिंग ॲप ‘नुसतं बघायला’ ठेवून देणं. याला ती ‘मायक्रो-चीटिंग’ म्हणतात. आपल्याला पोरखेळ वाटतो, पण मला विचाराल तर ही कसोटी आपल्यापेक्षा कडक आहे. ‘सिच्युएशनशिप’मध्ये मात्र त्यांचीही पंचाईत होते. नात्याला नाव नाही, शब्द दिलेला नाही, मग मोडलं काय? यावर त्यांच्यातच वाद झडतात. झडू द्यावेत.

माझं त्यांच्याशी पटत नाही ते विश्वासाच्या बाबतीत. “विश्वास आहे ना? मग पासवर्ड दे.” व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन एका वेळी आठ तासांपर्यंत चालू ठेवता येतं, ते बंद केलं की भांडण. हा सरळसरळ पहारा झाला. पण तो त्यांना शिकवला कुणी? “लपवण्यासारखं काही नसेल तर दाखव फोन” हे वाक्य अनेक मुलं पहिल्यांदा घरातच ऐकतात. पुढे तेच वाक्य जोडीदाराने उच्चारलं की त्यांना ते प्रेमच वाटतं. तेव्हा लेकीला किंवा लेकाला एकदा विचारून बघा, “तू लोकेशन बंद केलंस तर तो किंवा ती काय म्हणते?” उत्तर देताना मूल अडखळलं, तर तिथे थांबा, उपदेश नको, ऐका.

एका बाबतीत मात्र गप्प बसू नका. “विश्वास असेल तर फोटो पाठव” ही मागणी मुलींकडे होते, मुलांकडेही. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीचा नग्न किंवा अश्लील फोटो काढणं, साठवणं, पुढे ढकलणं हे पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गंभीर गुन्हे आहेत, समोरचाही शाळकरीच असला तरी. हे मुलांना प्रेमात पडण्याआधी माहीत हवं. आणि फोटो गेलाच असेल, धमक्या येत असतील, तर “पाठवलासच का?” हा प्रश्न त्या दिवशी गिळून टाका. स्क्रीनशॉट जपून ठेवा, पैसे देऊ नका, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा. मूल अठराच्या आतलं असेल तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहेच. रागवायला पुढे हवा तेवढा वेळ मिळेल.