एस. टी.चा चालक

डोंगराळ मुलखातील एखाद्या गावी संध्याकाळी गेलेली एस. टी. रात्री तेथेच राहते व भल्या पहाटे प्रवासी घेऊन परत फिरते. तिला लोक मुक्कामाची गाडी म्हणतात. सातारा जिल्ह्यातील जावळी, पाटण या तालुक्यांतील कितीतरी मुले अशाच गाड्यांनी शाळा गाठत आली आहेत. गाव झोपेत असतानाच चालक उठतो, कंदील किंवा विजेरी घेऊन गाडीभोवती फिरतो, चाके, तेल व पाणी पाहतो. इंजिन सुरू केल्यावरही तो लगेच निघत नाही. समोरच्या काट्याकडे पाहत बसून राहतो. घाईतल्या प्रवाशास हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. परंतु या मोठ्या गाडीचे ब्रेक दाबलेल्या हवेच्या बळावर चालतात आणि टाकीत हवेचा पुरेसा दाब साठल्यावाचून गाडी हलविणे धोक्याचे असते.

सातारा शहरातून यवतेश्वरचा घाट चढून रस्ता कासच्या पठारावरून बामणोलीकडे, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडे उतरतो. चढावर इंजिनाचा कस लागतो, हे सर्वांना ऐकू येते. चालकाचा कस मात्र उतारावर लागतो. तो सारखा ब्रेक दाबू लागला, तर घर्षणाने ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक हळूहळू पकड सोडतात. म्हणून जाणता चालक उतार लागण्यापूर्वीच गाडी खालच्या गिअरमध्ये घालतो. मग इंजिनच चाकांना आवरून धरते व पायाचा ब्रेक वळणापुरता राखून ठेवता येतो. चार थेंब डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून उतारावर गाडी सोडून देणे हा शुद्ध अविचार होय. पावसाळ्यात पठारावर धुके दाटले की दहा पावलांवरचे दिसेनासे होते. तेव्हा एवढी शक्तिमान गाडी बैलगाडीच्या चालीने जाते, आणि तीच तिची योग्य चाल असते.

सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व सांगली, मिरज इत्यादी संस्थाने मिळून १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. सांगली व मिरज या शेजारी शहरांच्या दरम्यान एस. टी.ची शहरी सेवा आहे. येथे घाट नाही, अंतरही जेमतेम दहा किलोमीटर. पण दर थोड्या वेळाने थांबा, मध्येच घुसणारी रिक्षा, दारात लोंबकळणारे प्रवासी! दिवसभर क्लच दाबून पाय भरून येतो. मागच्या दारी काय चालले आहे, हे चालकास नीट दिसत नाही. वाहकाने दोनदा घंटी दिल्याशिवाय तो गाडी हलवीत नाही. मागून कोणी कितीही ओरडो, त्या दोन ठोक्यांवरच एखाद्या म्हातारीचा पाय पायरीवरून सुखरूप आत येणे अवलंबून असते.

कृष्णेला पूर आला म्हणजे प्रसंग आणखी कठीण होतो. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. वाटेतील लहान पुलावर पाणी आले की गाडी अलीकडेच उभी करावी लागते. ‘गुडघाभरच तर आहे!’ असे म्हणणारे प्रवासी तेव्हा हमखास भेटतात. पाण्याखाली रस्त्याची कड खचली असेल, हे त्यांस कोठून दिसणार? कधी कधी तर चालकालाही काही दिसत नाही. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या सावित्री नदीवरील महाडजवळचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या.

संध्याकाळी चालक गाडी आगारात आणतो. अंग आंबलेले असते, डोळे चुरचुरत असतात. तरी घरी जाण्यापूर्वी एक काम राहिलेले असते. दिवसभरात गाडीत जाणवलेला दोष, ब्रेक थोडा उशिरा लागतो किंवा एक दिवा मंद जळतो, तो नोंदवहीत लिहून ठेवतो. रात्री कारखान्यातील कारागीर ती नोंद वाचून गाडीखाली शिरतात. कारण पहाटे तीच गाडी दुसऱ्या चालकाच्या हाती जाणार असते.