महामार्गाच्या आखणीत शेत आल्यास घ्यावयाची काळजी

सोलापूर-धुळे महामार्ग हा बीड जिल्ह्यातील वर्दळीचा रस्ता. पूर्वी त्याचा क्रमांक २११ होता. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर तो राष्ट्रीय महामार्ग ५२ मध्ये आला. चौसाळा, मांजरसुंबा, बीड, गढी, गेवराई असा जाऊन तो शहागडजवळ गोदावरी ओलांडतो. कल्याण-निर्मल महामार्ग (क्रमांक ६१) गढीहून माजलगावकडे जातो. रस्ता चौपदरी होताना गावातील वस्ती टाळण्यासाठी बाह्यवळण काढावे लागते, आणि ते शेतातूनच जाते. अशा वेळी पारावर चर्चा होते ती गुंठ्याच्या दराची. रस्त्याने तुटून उरलेल्या जमिनीचे काय, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

मोजणी होण्यापूर्वीच सातबारा तपासावा. विहीर, बोअर, फळझाडे यांची नोंद नसल्यास ती करून घ्यावी. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवरून शेतकऱ्यालाच करता येते व त्यात बांधावरची झाडेही नोंदविता येतात. बालाघाटाच्या हलक्या, मुरमाड जमिनीत बांधावरच्या सीताफळावर अनेकांचा दिवाळीचा खर्च निघतो, पण कागदावर ते झाड नसतेच. वाटणी तोंडी झाली असेल तर भावाभावांनी ती आधी कागदावर आणावी; वादामुळे मोबदल्याची रक्कम अडकून पडते.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३अ खालील अधिसूचनेत गट क्रमांक दिलेले असतात. तिचा सारांश दोन वर्तमानपत्रांत येतो, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असते. प्रसिद्धीपासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. पुढे कलम ३ड ची घोषणा झाली की जमीन केंद्र शासनाकडे निहित होते. त्यानंतर आखणीवर बोलून उपयोग होत नाही. मोबदला ठरविण्यापूर्वी पुन्हा जाहीर सूचना देऊन दावे मागविले जातात. १ जानेवारी २०१५ पासून या मोबदल्यास २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील तरतुदी लागू आहेत. त्यानुसार जमीन, झाडे, विहीर व बांधकाम यांची जी किंमत निघेल, तितकीच रक्कम दिलासा रक्कम म्हणून वर मिळते. जमिनीचे तुकडे झाल्यामुळे होणारे नुकसानही कायद्याने विचारात घ्यावयाचे असते. ते आपणहून लेखी मागावे. विहीर एका बाजूस व ऊस दुसऱ्या बाजूस राहणार असेल तर हातनकाशा काढून तो दाव्याला जोडावा. पाईपलाईन कोठून गेली आहे हे संयुक्त मोजणीच्या वेळी दाखवून पंचनाम्यात लिहून घ्यावे. रस्ता झाल्यावर त्याखालून पाईप नेण्यास वेगळी परवानगी लागते आणि त्यात हंगाम जातो. ठरलेला मोबदला मान्य नसल्यास लवादाकडे अर्ज करता येतो.

घाट उतरून गेवराईकडे आले की काळी, भारी जमीन लागते. येथे खरा धोका पाण्याचा. महामार्गाचा भराव धरणाच्या भिंतीसारखा पाणी अडवितो. पाणी साचले की कपाशीत आकस्मिक मर दिसते, तूर जाते, आणि मोसंबीच्या बुंध्याला डिंक्या लागतो. पाहणी उन्हाळ्यात होत असल्याने ओघळ कोरडी असते व नजरेतून सुटते. म्हणून पावसाळ्यात पाणी कोठून वाहते त्याची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत, शेजाऱ्यांसह एकत्र अर्ज करावा व मोरी नेमकी त्या ओघळीवर मागावी. मोरीची जागा चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून दाखविल्यास अभियंत्यांनाही सोयीचे जाते. भराव चढण्यापूर्वी हे झाले पाहिजे. तरीही पाणी तुंबत असेल तर रस्त्याच्या हद्दीबाहेर, आपल्या शेताच्या कडेने चर काढून ते मोरीकडे न्यावे. चराचे तोंड शेजाऱ्याच्या शेतात सोडू नये.